राखुंडीनं कवडसा पकडला

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा मांजर बोललं तर माणसं दचकत नसत, नीट उत्तर देत.

एका डोंगरी राज्याच्या गडावर धान्याचं मोठं कोठार होतं. जिथं धान्य तिथं उंदीर, आणि जिथं उंदीर तिथं मांजरं. या मांजरांना गडावर सगळे मावशी म्हणत. शिपाई म्हणत, प्रधान म्हणे, राजाही म्हणे. राजाला तर म्हणणं भागच होतं. त्याच्या निशाणावर वाघ होता, भाट रोज सकाळी त्याला ‘राज्याचा वाघ’ म्हणून हाक देत, आणि मांजर ही वाघाची मावशी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकदा नातं लावलं की ते पुरतं लावावं लागतं.

त्या मांजरांमध्ये एक जुनी रीत होती. मोकळ्या पंजानं झोपायचं नाही.

म्हणजे कसं, ते नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. मांजर पिल्लाला शिकार शिकवते तेव्हा आधी दबा धरायला शिकवते. मग झेप घ्यायला, मग पकडायला. पण धडा तिथं संपत नाही. पकडलेलं पंजाखाली दाबायचं, दातांत धरायचं, खायचं, आणि मग निवांत बसून पंजानं तोंड धुवायचं. तोंड धुतलं की शिकार संपली. पिल्लू दिवसभर धडपडलं आणि त्याला काहीच मिळालं नाही, तर आई एखादा नाकतोडा आणून त्याच्या पंजाखाली ठेवायची. नाकतोडा नसला तर पीस. पीसही नसलं तर स्वतःचं शेपूट. का, असं कुणी विचारलं तर म्हाताऱ्या मांजरी म्हणत, “मोकळा पंजा झोपत नाही, बाई. तो जागा राहतो आणि सगळ्या अंगाला जागं ठेवतो.”

कोठारातल्या मांजरांत राखुंडी नावाची एक मांजरी होती. कोठार सांभाळणारी यसूबाई सकाळी दात घासायची त्या राखुंडीच्या रंगाची, म्हणून ते नाव. एक कान फाटलेला, जीभ फटकळ. उंदरांना तिच्या नावानं कापरं भरायचं आणि बोक्यांनाही. तिला एकच पिल्लू वाचलं होतं, ठिपकी. अंगानं पांढरी, नाकावर काळा ठिपका. राखुंडी जगाला नखं दाखवायची, पण ठिपकीपुढं तिची नखं आत जायची. आईचं असंच असतं.

ठिपकी हुशार निघाली. पहिला उंदीर तिनं ओढत ओढत कोठाराच्या उंबरठ्यावर आणला तेव्हा यसूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “शाबास गं बाई. आईचं नाव राखलंस.” त्या दिवशी राखुंडी दुपारभर विनाकारण गडावर मिरवत होती.

मग एक दूरदेशीचा व्यापारी आला आणि राजाला एक भेट देऊन गेला. तळहाताएवढा आरसा, त्याला चांदीची मूठ. त्या राज्यात तोवर माणसं तोंड बघायची ती तांब्यातल्या पाण्यात. आरसा बघायला सगळा गड लोटला. राजा काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. मांजरांवर त्याचा जीव होता. सदरेवर बसला की स्वतःच्या बोटानं त्यांना साय चाटवायचा. पण रिकामा वेळ आणि नवी वस्तू एकत्र आली की भल्या माणसाच्या हातूनही काय होईल ते सांगता येत नाही.

दुपारची वेळ होती. राजानं आरसा उन्हात धरला आणि समोरच्या भिंतीवर एक गोल, लखलखीत कवडसा पडला. राजानं मनगट हलवलं, कवडसा पळाला. खाली अंगणात ठिपकी बसली होती. तिचे कान उभे राहिले. तिनं दबा धरला, बूड हलवलं आणि झेप घेतली. कवडसा निसटला. तिनं पुन्हा झेप घेतली. तो पुन्हा निसटला. भिंतीवरून फरशीवर, फरशीवरून खांबावर, खांबावरून तुळशीच्या कट्ट्यावर. ठिपकी गरगर फिरली, आपटली, उठली, पुन्हा धावली. सदरेवर हशा पिकला. प्रधानाच्या डोळ्यांतून पाणी आलं. राजा तर मूल झाला होता.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी राखुंडीही हसली. पोर खेळतेय, खेळू दे, म्हणाली.

ऊन कललं, कवडसा गेला, राजा उठून आत गेला. ठिपकी मात्र भिंतीपाशी बसून राहिली. राखुंडी तिला घ्यायला आली.

“चल गं. दूध निवतंय.”

“आत गेलाय तो,” ठिपकी भिंतीकडं बघत म्हणाली. “बाहेर येईल.”

राखुंडीनं भिंत हुंगली. भिंतीला भोक नव्हतं, वास नव्हता, काही नव्हतं. तिच्या पाठीवरचे केस उगाच उभे राहिले. तिनं रीतीप्रमाणे एक नाकतोडा पकडून आणला आणि पोरीच्या पंजाखाली ठेवला. ठिपकीनं पंजा उचलला. नाकतोडा उडून गेला आणि तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तर नेमच झाला. दुपार झाली की ठिपकी स्वतःहून सदरेसमोर जाऊन बसायची, आरसा निघायच्या आधी. राजा कौतुकानं म्हणायचा, “बघा, किती गोडी लागली आहे हिला.” सगळे माना डोलवायचे. धावतंय म्हणजे खूश आहे, असा त्या दरबाराचा समज होता. शहाण्यासुरत्या माणसांचा.

इकडं कोठारात काय चाललं होतं ते कुणी पाहत नव्हतं. ठिपकीनं दूध सोडलं. पाण्याच्या हंड्यावर ऊन चमकलं की ती हंड्यावर झेप घ्यायची. यसूबाईच्या बांगडीची तिरीप भिंतीवर पडली की भिंतीवर नखं ओरबाडायची. नखं तुटली. झोपेत पाय मारायची आणि जागी झाली की आधी भिंत बघायची. एकदा एक उंदीर तिच्या समोरून गेला. पळत नाही, चालत गेला. जाता जाता थांबून तिच्या शेपटावर चढला आणि पलीकडं उतरला. ठिपकी भिंतीकडंच बघत राहिली. त्या उंदरानं बिळात जाऊन काय सांगितलं असेल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून पोत्यांना भोकं पडू लागली.

उंदरांचं काय, ते राखुंडी निस्तरत होती. पण पोरीचं काय करावं ते तिला कळेना. तिनं एक लंगडा उंदीर जिवंत धरून आणला, अगदी पिल्लाला पहिल्यांदा शिकवताना आणतात तसा, आणि ठिपकीच्या पुढ्यात सोडला.

“धर.”

ठिपकी उठली. राखुंडीचा जीव भांड्यात पडला. आणि ठिपकी त्या उंदराला ओलांडून, पलीकडं दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यापाशी जाऊन बसली.

राखुंडीनं आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं. कुत्र्यांशी लढली होती, पिल्लं गमावली होती. पण असं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिच्या अंगात राग भरला. तो राग पुढं तिच्या कामी आला.

ती उठली आणि सरळ सदरेकडं चालू लागली. वाटेत भोपळ्या भेटला. भोपळ्या हा राजाचा लाडका बोका, रंगानं पिवळा, अंगानं नावासारखा, गळ्यात रेशमी गोफ.

“कुठं निघालीस तणतणत?”

“राजाला सांगायला. खेळ थांबव म्हणून.”

“वेडी आहेस,” भोपळ्या म्हणाला. “मोठ्यांचे खेळ असे थांबत नसतात. मी काय करतो ते बघ. चार उड्या मारायच्या, धापा टाकायच्या, राजा हसला की साय चाटायची. तुझ्या पोरीचं चुकतं कुठं, तर ती खरं धावते.”

“पिल्लू खरंच धावणार, भोपळ्या. लबाडीनं धावायला तिला अजून कुणी शिकवलेलं नाही.”

“मग तू शिकव.”

“मी शिकार शिकवते,” राखुंडी म्हणाली आणि पुढं गेली.

राजा तक्क्याला टेकून बसला होता. राखुंडी सदरेची पायरी चढली, जी मांजरं सहसा चढत नसत.

“महाराज, आरशाचा खेळ बंद करा.”

“का गं मावशी?”

“पोर जेवत नाही. झोपत नाही. समोरचा उंदीर तिला दिसत नाही. तुम्ही तिला दिवसभर पळवता आणि रात्री मोकळ्या पंजानं माझ्याकडं पाठवता.”

राजा हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, तेच तर वाईट होतं. “अगं, पण तिला किती आवडतं. मी आरसा काढायच्या आधी येऊन बसते. आवडत नसतं तर आली असती का?”

“तहानलेलं हरीण मृगजळामागं धावतं, महाराज. ते काय त्याला धावायची हौस असते म्हणून?”

तेव्हा प्रधान पुढं झाला. ज्याच्याकडं उत्तर नसतं त्याच्या मदतीला नेहमी कुणीतरी पुढं होतंच.

“महाराज, मावशीचा मुद्दा एवढाच आहे, की पोरीला काही मिळत नाही. मग बक्षीस लावू या. जे मांजर कवडसा पकडेल त्याला तोंडानं मागेल ते द्यायचं. उद्या सगळ्या गडासमोर खेळ होऊ दे.”

राजाला ही कल्पना फार आवडली. लगेच डंका वाजला आणि तसा पुकारा झाला. त्या गडाचा नियम असा होता, की डंका वाजवून दिलेला शब्द राजालाही मागं घेता यायचा नाही.

राखुंडी पायऱ्या उतरत होती. मागं प्रधान राजाच्या कानाशी लागून बोलला, अगदी हळू. पण मांजराचे कान ते मांजराचे कान, मग एक फाटका का असेना.

“काळजी नसावी, महाराज. द्यावं काहीच लागणार नाही. कवडसा कधी कुणाच्या हाती आलाय?”

आणि राजा हसला.

राखुंडी जागच्या जागी थांबली. इतके दिवस तिला वाटत होतं, की या माणसांना कळत नाही. ठिपकीसारखीच हीही फसली आहेत, त्यांनाही वाटतंय की पोर एक दिवस पकडेल. तर तसं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून ती तिला ‘पकड, पकड’ म्हणत होती. ती मागं वळली नाही. कोठारात जाऊन ठिपकीला कुशीत घेऊन तिचं ते हाडाहाडाचं अंग चाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी अंगण माणसांनी फुलून गेलं. तटावर शिपाई, ओसरीवर बाया, माणसांच्या खांद्यांवर मुलं. यसूबाईही कोठाराला कडी घालून आली होती. गडावरची सगळी मांजरं मैदानात. राजानं आरसा काढला आणि कवडसा उतरला.

एकच झुंबड उडाली. मांजरं एकमेकांच्या अंगावर पडली. भोपळ्यानं चार उड्या मारल्या आणि ठरल्याप्रमाणे धापा टाकत बसला. ठिपकी सगळ्यांच्या पुढं होती, डोळे विस्फारलेले, तोंडाला फेस. लोक ओरडत होते, “पकड, पकड.”

आणि मधोमध राखुंडी बसली होती. शेपूट पायांभोवती गुंडाळून, हलत नव्हती.

राजाला ते दिसलं. त्यानं कवडसा तिच्या पायांपाशी आणला. ती हलली नाही. अंगावर आणला. ती हलली नाही. लोकांचं हसणं कमी झालं. राजानं जरा चिडून कवडसा थेट तिच्या डोळ्यांत मारला. राखुंडीच्या डोळ्यांपुढं हिरवं-काळं नाचू लागलं. तिनं मान फिरवली.

“डोळ्यांत नको, महाराज. डोळे गेले तर तुमचं कोठार कोण राखणार?”

“मग धाव की,” राजा म्हणाला. “सगळे धावताहेत.”

“मी शिकारीण आहे. आधी बघते, मग धावते. अजून बघते आहे.”

आणि ती खरोखर बघत होती. पण भिंतीकडं नव्हे. बाकी सगळ्या मांजरांच्या माना कवडशाबरोबर फिरत होत्या. राखुंडीची नजर राजाच्या मनगटावर होती.

मावशीचा नाद सोडून राजानं कवडसा पुन्हा ठिपकीपुढं नाचवला. ती धावत आली. तो ओसरीच्या खांबावर चढला, तीही चढली. तिथून तटाच्या पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून तटावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तटापलीकडं कडा होता, सरळ तुटलेला, खालची झाडं गवतासारखी दिसावीत इतका खोल. राजाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याचं मनगट जरा जास्त वळलं, एवढंच. कवडसा तटाच्या काठाशी गेला, थरथरला आणि पलीकडं उतरून कड्यालगतच्या एका खडकावर जाऊन थांबला.

ठिपकी काठावर आली. तिनं खाली पाहिलं. दबा धरला, बूड हलवलं.

झेप घेतली ती राखुंडीनं. पोरीकडं नव्हे, तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. ती जिथं बसली होती तिथून सरळ सदरेवर, आणि सदरेवरून राजाच्या मनगटावर. चारही पंजे, सगळी नखं. राजा ओरडला. आरसा हातातून सुटून काचेच्या बाजूनं गालिच्यावर पडला आणि राखुंडी त्याच्यावर उतरली.

खडकावरचा कवडसा विझला. काठावर ठिपकी थबकली, इकडं तिकडं पाहू लागली. एका शिपायानं तिला मागून अलगद उचललं.

राजाच्या मनगटातून रक्त ठिबकत होतं. भालेवाले धावले आणि भाल्यांची टोकं राखुंडीभोवती गोल झाली. तिनं दोन्ही पंजे आरशावर दाबून धरले होते.

“राजाच्या अंगावर पंजा टाकला,” प्रधान ओरडला. “कडेलोट करा हिचा.”

“कडा दाखवू नका मला, प्रधानजी,” राखुंडी म्हणाली. “आत्ता माझी पोर तिथं उभी होती. तेव्हा कुणी ओरडलं नाही. तेव्हा टाळ्या वाजत होत्या.”

प्रधानानं घसा खाकरला. “तू गुन्हा केला आहेस.”

“मी कवडसा पकडला आहे. काल डंका वाजवून सांगितलंत ना, पकडा म्हणून? पकडला. आता माझं बक्षीस काढा.”

“कवडसा भिंतीवर होता.”

“भिंतीवर नुसता दिसत होता. राहत होता महाराजांच्या हातात. मी घरात शिरून धरला. नसेल पटत तर शोधा सगळे. आहे का भिंतीवर? आहे का तटावर?”

लोकांनी खरंच माना वर केल्या. भिंती कोऱ्या होत्या, उजेड नेहमीचा होता. कुठं काही पळत नव्हतं.

“उंदीर पकडला की तो भिंतीवर पळत नाही,” राखुंडी म्हणाली. “हाही पळत नाहीये.”

आणि मग तिनं काय केलं, ते त्या गडावर पुढं पिढ्यान् पिढ्या सांगत. गळ्याभोवती भाले असताना तिनं एक पंजा आरशावर तसाच दाबून ठेवला, दुसरा उचलला, जिभेनं ओला केला आणि सावकाश तोंड धुतलं. फाटक्या कानामागून, नाकावरून, सावकाश. तिची शिकार संपली होती.

राजा तिच्याकडं बघत होता. मग त्यानं शिपायाच्या हातातल्या ठिपकीकडं पाहिलं. “तिला इकडं आणा,” म्हणाला आणि तिला मांडीवर घेतलं. समोरच्या वाटीतली साय त्यानं बोटावर घेतली, नेहमीसारखी, आणि तिच्या पुढं धरली. ठिपकीनं बोट हुंगलंसुद्धा नाही. ती त्याच्या मांडीवरून उतरली, सायीच्या वाटीत पाय देऊन पुढं गेली आणि रिकाम्या भिंतीसमोर जाऊन बसली. वाट बघत.

राजानं इतके दिवस ते पोर रोज पाहिलं होतं. त्या दिवशी त्याला ते दिसलं. बरगड्या दिसल्या, तुटलेली नखं दिसली. त्याचं सायीचं बोट तसंच पुढं राहिलं.

“आमच्या नावानं तुमच्यात एक म्हण आहे,” राखुंडी म्हणाली. “मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव. खरी आहे, मी नाही म्हणत नाही. पण मांजर शेवटी उंदीर खाते, महाराज. तुम्ही हिच्या धावण्याचं काय खाल्लंत?”

“भाले खाली करा,” राजा म्हणाला. मग राखुंडीकडं वळून हात जोडावेत तसा बोलला, “मागा, मावशी. काय हवं?”

“हा आरसा कोठारात राहील, पालथा, माझ्या पंजाखाली.”

“राहील.”

“खेळ बंद करा, असं आता म्हणत नाही. माझ्या जातीला खेळ लागतो, आणि माझ्या पोरीचा मोडलेला खेळ तुम्हीच दुरुस्त करायचा आहे. दोरीला पीस बांधा. रोज दुपारी जमिनीवर बसून तिच्याशी खेळा. पळवा, दमवा, हुलकावणी द्या, सगळं करा. पण शेवटी ते पीस तिला पकडू द्यायचं. रोज. चुकायचं नाही.”

प्रधानाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “राजानं जमिनीवर बसायचं? मांजरापुढं?”

“वाघ म्हणवून घेतात ना ते?” राखुंडी म्हणाली. “मग मावशीपुढं भाचा जमिनीवरच बसतो.”

यसूबाईला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. आणि राजा, बाकी काही म्हणा, राजा होता. तो गादीवरून उठला आणि फरशीवर बसला.

आता तुम्हाला वाटेल, पीस दिसलं आणि पोर नाचू लागली. तसं होत नसतं. मोडायला एक दुपार पुरते, सांधायला हंगाम जातात. पहिले कित्येक दिवस राजा फरशीवर बसून पीस हलवायचा आणि ठिपकी भिंत बघायची. राजाचे गुडघे धरले. लोक येता जाता बघायचे, प्रधान मान वळवून जायचा. राजानं नेम सोडला नाही. मनगटावरच्या नखांच्या ओळी सुकल्या, तरी त्या त्याला दिसायच्या.

मग एका दुपारी पीस ठिपकीच्या शेपटाला लागून गेलं आणि तिचा एक कान वळला. दुसऱ्या दिवशी मान वळली. आणि एक दिवस तिनं दबा धरला. राजानं श्वास रोखला. राखुंडी खांबाआडून बघत होती, तिनंही रोखला. झेप पडली. पंजाखाली काहीतरी होतं. ठिपकीनं पंजा दाबला. ते निसटलं नाही. तिनं ते दातांत धरलं, आणि तिच्या एवढ्याशा गळ्यातून इतकी मोठी गुरगुर निघाली की राजा दचकला.

आनंदाच्या भरात त्यानं दोरी ओढली, पुन्हा एक डाव खेळावा म्हणून.

“सोडा,” राखुंडी खांबाआडून म्हणाली. “तिचं आहे ते.”

राजानं दोरी सोडली. ठिपकी ते पीस ओढत कोठाराच्या उंबरठ्यापर्यंत गेली. यसूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. “शाबास गं बाई,” ती म्हणाली. ठिपकीनं पिसाच्या चिंध्या केल्या, मग बसली, पंजा ओला केला आणि तोंड धुतलं. त्या संध्याकाळी ती आईच्या पोटाशी झोपली आणि तिचे पाय हलले नाहीत.

पुढं ती कोठारातली नावाजलेली शिकारीण झाली. उंदरांनी तिच्या शेपटावर चढणं सोडून दिलं. पण अगदी म्हातारी होईतो, हंड्याच्या झाकणावर ऊन पडून भिंतीवर चमक उमटली की ठिपकीचे कान उभे राहायचे आणि तिचं लक्ष सगळ्यातून उडायचं. तेवढं कधीच गेलं नाही. अशा वेळी राजा जवळ असला तर काही न बोलता उठायचा आणि झाकणावर आपला शेला टाकायचा.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याला धावायला लावाल त्याच्या पंजात शेवटी काहीतरी द्या, नाहीतर तो खेळ फक्त तुमचा असतो आणि जीव मात्र त्याचा जातो.